डाव्या बाजूचा राखाडी

दलालाने गाडी पत्र्याच्या शेडमधून उलटी घेत उन्हात काढली आणि माझ्या उजव्या डोळ्यात काहीतरी टोचल्यासारखं झालं. कचरा नव्हता. पापणी ओढून पाहिली, डोळा चोळून पाहिला, काही नाही. मग जुन्या सवयीने तळहाताने एकेक डोळा झाकून बघितलं. उजवा झाकला तर समोर एक साधी राखाडी गाडी, बारा वर्षांची, वयाच्या मानाने ठीकठाक. डावा झाकला तर गाडी तीच, पण पुढच्या डाव्या चाकावरचा पत्रा, ज्याला आमच्या धंद्यात फेंडर म्हणतात, तो बाकीच्या अंगापेक्षा किंचित हिरवट. किंचित म्हणजे किती, तर शंभर माणसं रांगेने उभी केली तर नव्व्याण्णवांना दिसणार नाही इतकं. छत्तीस वर्षं मी गाड्यांना रंग जुळवून दिले, त्यामुळे शंभरावा मी. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून दोन महिने झाले होते आणि तेव्हापासून त्या डोळ्याला जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. डाव्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्याच्यावर पिवळट साय तशीच होती. डाव्या डोळ्याच्या मते त्या गाडीत काहीच वावगं नव्हतं. मी बराच वेळ उजवा डोळा झाकून उभा राहिलो.

‘बाबांची तपासणी सुरू झाली,’ मुलगी हसून जावयाला म्हणाली. ‘आता कुणी बोलायचं नाही.’

तिला नवी नोकरी लागली होती. गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत गणित शिकवायचं, सोमवारपासून हजर व्हायचं. बस त्या बाजूला अर्ध्या रस्त्यापर्यंतच जाते. जावयाने स्कूटर सुचवली तर तिने अशी काही नजर टाकली की बिचाऱ्याने विषयच गुंडाळला. दोन चाकांवर ती बसत नाही. नववीत असताना सायकल सोडली ती सोडली, ती सायकल जिन्याखाली गंजून गेली आणि शेवटी मीच ती भंगारवाल्याला देऊन टाकली. म्हणून गाडी, आणि नवी परवडत नाही म्हणून जुनी. पण जुनी घ्यायची तर तिची एकच अट होती, ती तिने आल्या आल्या दलालाच्याही तोंडावर सांगितली. खरचटलेली चालेल, ठोकलेली चालेल, सीट फाटलेल्या चालतील. कुणाला उडवलेली गाडी नको. दलालाने कानाला हात लावले. जावई म्हणाला, ‘अगं, रिपोर्टमध्ये तसा रकाना नसतो.’ जावई माझा सालस आहे, कागदावर जे असतं ते असतं आणि नसतं ते नसतं असं मानणारा. त्याने आठवडाभर खपून त्या गाडीची कुंडली काढली होती. नोंदणी, विमा, सर्व्हिसिंगची बिलं, तीन मालकांची नावं. फोन माझ्या नाकासमोर धरून तो एकेक ओळ बोटाने सरकवत होता. ‘एकही क्लेम नाही, बाबा. पहिल्या मालकाने तर दोन वर्षांत एकदाही काच बदललेली नाही. अपघात, हे बघा, निरंक.’ निरंक हा शब्द मी बराच वेळ वाचला. पहिल्या मालकाचं नाव मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्याचे बूट मात्र आठवत होते, कारण तो शटरखालून वाकून आत आला तेव्हा आधी ते दिसले होते, मातीने भरलेले, आणि एका बुटाची लेस सुटलेली.

राखाडी गाड्या जगात कमी नाहीत, असं मी स्वतःला समजावत होतो. फेंडर काय, दर तिसऱ्या गाडीचा बदललेला असतो. गेटच्या खांबाला घासतो, दुसऱ्याच्या गाडीला घासतो, आणि कुणीतरी माझ्यासारखा त्यावर रंग मारतो. पण स्वतःचं हस्ताक्षर माणूस ओळखतोच, मग ते कितीही जुन्या वहीत सापडो. राखाडी हा रंग दिसतो गरीब, आहे महाबिलंदर. त्यात चांदीची पूड असते, काळा असतो, निळा असतो आणि थेंबभर पिवळाही असतो, आणि तो थेंब प्रत्येक उजेडात वेगळं तोंड दाखवतो. म्हणून माझा नियम होता की नमुन्याची पट्टी ट्यूबलाइटखाली कधीही पास करायची नाही. पट्टी घेऊन बाहेर यायचं, उन्हात धरायची, मग सावलीत धरायची, एकेक डोळा झाकून बघायची. गॅरेजात सगळे त्यावरून माझी टिंगल करत. गॅरेजच्या मालकांनी माझं नावच ‘भिंग’ ठेवलं होतं. ‘भिंगराव सूर्याला विचारायला गेलेत,’ असं ते ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला सांगत. छत्तीस वर्षांत हा नियम मी एकदाच मोडला. त्या दिवशी भर दुपारी शटर पाडलेलं होतं आणि ते वर करायचं नाही असं मालकांनी बजावलं होतं.

त्या बंद शटरचा वास मला अजून येतो. थिनर, घाम, तापलेला पत्रा. दुपारचे बारा वाजत होते आणि आत एक ट्यूब फडफडत होती. गाडी जवळजवळ नवीकोरी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. डावा फेंडर आत दबलेला, दिव्याची काच गेलेली, बोनेटवर पॉलिशने जाईल असा एक लांब ओरखडा. मालकांनी स्वतः जाऊन नवा फेंडर आणला, डेंटरने तासाभरात बसवला आणि मालकांनी त्याला दिवसभराची सुट्टी देऊन टाकली. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं, कारण आमचे मालक सुट्टी देणाऱ्यांपैकी नव्हते. तो बूटवाला मालकांच्या खोलीत बसून राहिला होता. चहा निवला तरी त्याने कपाला हात लावला नाही. ‘विम्याची भानगड नको म्हणतो. उद्या दुपारी गाडी हवी त्याला,’ मालक माझ्या कानाशी म्हणाले. ‘भिंगराव, सूर्याला आज विचारायचं नाही.’ मी विचारलं नाही. सूर्यालाही नाही आणि मालकांनाही नाही. रंगवाल्याने विचारायचं नसतं, अशी आमच्यात एक रीतच होती. पत्रा कशाने दबला हे डेंटरचं काम, मला फक्त वरचा रंग. बंपरवर कागद चिकटवताना त्याच्या फटीत अडकलेला एक तुकडा निघाला. नारिंगी, नखाएवढा, आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. रस्त्यावरचं काहीतरी उडालं असेल म्हणून मी तो शर्टाच्या खिशात टाकला. खाली पडला असता तर नंतर रंगाच्या स्प्रे गनच्या हवेने उडून ओल्या रंगावर बसला असता. मी हे कामाच्या काळजीनेच केलं, एवढं अजूनही छातीवर हात ठेवून सांगू शकतो. घाईमुळे अस्तराचा हात दिला नाही, नव्या पत्र्याच्या काळ्या थरावरच रंग चढवला. पाच वाजेपर्यंत रंगाचे दोन हात झाले. ट्यूबखाली तो असा काही बसला होता की मी स्वतःवरच खूश झालो. घरी येताना शीळ घालत होतो.

‘काका, हे मशीन लावून बघता का?’ दलाल रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. पुट्टी भरलेली असेल तर आकडा चढतो, आणि पुट्टी म्हणजे ठोकलेली गाडी, एवढं हल्ली पोरंसोरंही फोनवर बघून शिकली आहेत. त्याने दाराला लावलं, बोनेटला लावलं, आणि फेंडरला लावलं. आकडे सारखेच. येणारच होते. नवा पत्रा, वर बेताचे हात, पुट्टीचा कण नाही. यंत्र तरी काय बोलणार? जावयाने त्या आकड्यांचाही फोटो काढला. मुलगी फेंडरवर हात ठेवून उभी होती, सहज, एखाद्या ओळखीच्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. तिच्या बोटांखाली तो हिरवट पट्टा होता. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. ती लहान असताना कामावरून आलो की असाच हात माझ्या शर्टावर ठेवायची, मी म्हणायचो थांब, रंग आहे, हाताला लागेल, आणि ती म्हणायची लागू दे. त्या हाताला काही लागू नये म्हणून मी काय काय केलं आयुष्यभर, आणि आता दोन फुटांवर उभा राहून नुसता बघत होतो.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ती आली नव्हती. तिची आई दारात उभी होती. सात वाजता आली ती चपला न काढताच आत आली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून खाली बसली. गणिताच्या बाईंना गाडीने उडवलं. सकाळी, शाळेला येताना, वळणावर. बाई सायकलवर होत्या. गाडी थांबलीसुद्धा नाही. पोरी दुपारपासून हॉस्पिटलच्या बाहेर उभ्या होत्या, त्यांना आत सोडलं नव्हतं. या बाई म्हणजे घरी कधी न आलेलं, पण आमच्या घरातलंच एक माणूस होतं. उठता बसता बाई म्हणाल्या, बाईंनी सांगितलं. बोटं मोजून हिशेब करायचा नाही, हा बाईंचा कायदा. बोटं मोजणाऱ्या पोरीला त्या हात पाठीमागे बांधून उत्तर द्यायला लावत, म्हणून माझी पोरगी दुकानातही हात मागे घेऊन उभी राहायची आणि दुकानदाराच्या आधी बेरीज सांगायची. ‘सायकल बघितली आम्ही,’ ती सांगत होती. ‘पेडलवरचा तो नारिंगी दिवा असतो ना, बाबा, चमकणारा, तो फुटून गेला होता. कुणीतरी म्हणालं गाडी राखाडी होती.’ मी जेवायला बसलो होतो. माझा हात खिशाकडे गेला. शर्ट तोच होता. तुकडा तिथे होता, बोटाला त्याची पोळ्यासारखी बाजू लागली. तिच्या आईने विचारलं, काय झालं, हात का थांबला? मी पाणी प्यायलो. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘सापडेल गं. असा कुणी सुटत नाही.’ हे वाक्य मी उच्चारलं. माझ्याच आवाजात.

गाडी तेव्हा गॅरेजातच होती. हे कुणी मला विचारलेलं नाही, पण मी स्वतःला बारा वर्षं विचारत आलो आहे. रात्र मध्ये होती. सकाळी डबा घेऊन निघालो तेव्हा पोलीस चौकी उजव्या हाताला होती आणि गॅरेज डाव्या. आता सांगताना असं वाटतं की मी त्या चौकात थांबलो असेन, दोन्हीकडे बघितलं असेन. खरं म्हणजे थांबलो नव्हतो. मालकांची भीती होती, नोकरीची होती, त्या बूटवाल्याची होती, पण सगळ्यांत वाईट गोष्ट ती नव्हे. रंग वर पारदर्शक थराशिवाय राहिला तर धूळ धरतो, आणि काम अर्धवट टाकायची मला सवय नव्हती. मी गेलो, शटरखालून आत शिरलो, जाळीच्या कपड्याने फेंडर पुसला आणि लॅकरचा हात दिला. एकही ओघळ नाही. तो तुकडा थिनरच्या डब्यात टाकला. संध्याकाळपर्यंत त्याचं पोळं विरघळलं आणि तळाशी नारिंगी चिकट थर उरला. चौथ्या दिवशी एक हवालदार सगळ्या गॅरेजांतून विचारत फिरत आमच्याकडे आला. मालक नाही म्हणाले. त्याने माझ्याकडे बघितलं. ‘राखाडी?’ मी म्हणालो. ‘साहेब, निम्मं गाव राखाडी गाड्यांतून फिरतं.’ तो हसला. मीही हसलो. बाई एकोणीस दिवस जगल्या. विसाव्या दिवशी शाळेने पोरींना रांगेने त्या वळणावर उभं केलं. मी बसमधून जाताना ती रांग पाहिली आणि तिच्यात माझी पोरगी हात पाठीमागे घेऊन उभी होती.

‘चला, एक चक्कर मारून येऊ,’ जावई म्हणाला. मुलगी चालवायला बसली, तो मागे, आणि मला मानाने पुढे डावीकडे बसवलं. म्हणजे बरोबर त्या फेंडरच्या मागे. आत दुसऱ्यांच्या संसारांचा वास होता. आरशाजवळ कुणीतरी कधीतरी टांगलेल्या कशाचातरी दोरा उरला होता. गाडी गुणी होती, हे कबूल करायला हवं. आवाज नाही, थरथर नाही, स्टीअरिंग सरळ. तिची अशीच वर्षं गेली असणार, पोरांना शाळेत सोडत, भाजी आणत, कुणालाही काहीही न सांगता. सिग्नलच्या पुढे एक सायकलवाला डाव्या कडेने चालला होता, मागच्या कॅरिअरवर दुधाचे कॅन. तो फेंडरच्या कडेला दिसायला लागला आणि माझ्या पायांनी आपोआप नसलेला ब्रेक दाबला. मुलीने वेग इतका कमी केला की मागचा गाडीवाला भोंगा वाजवायला लागला. तिची बोटं स्टीअरिंगवर पांढरी पडली होती. सायकलवाला निघून गेल्यावर ती म्हणाली, ‘अजूनही असंच होतं बघा. हात गार पडतात.’ मग थोड्या वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, ‘मला नेहमी वाटतं बाबा, ती गाडी कुठेतरी आहे. कुणीतरी रोज पुसत असेल. मी जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर पहिलं हेच मनात आलं. वेडेपणा आहे, पण आलं.’ जावई मागून म्हणाला, ‘म्हणून तर रिपोर्ट काढला ना मी.’ मी खिडकीतून बाहेर बघितलं. डाव्या डोळ्याने बघितलं तर फेंडर राखाडीच होता.

परत आलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि कलत्या उन्हात तो पट्टा आता मला ओरडून दिसत होता. दलाल कागद घेऊन आला. जावयाने पेन काढलं. मी आधी इंजिनाला नावं ठेवली, मग टायर झिजलेत म्हणालो, मग रंग मातकट आहे, डोळ्यात भरत नाही म्हणालो. जावई कसानुसा हसला. ‘बाबा, मेकॅनिकने सकाळीच पास केलीय. तुम्हाला सांगितलं ना?’ दलालही म्हणाला, काकांना गाडी आवडली नाही की दलाल? मुलीने त्या दोघांना गप्प केलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. ‘तुम्ही नीट सांगा. मला त्या रिपोर्टचं काही नाही. तुमच्या डोळ्याला दिसलं नाही तर नाहीच, असं मी धरून चालते. घेऊ का?’

घे, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. ते म्हटलं असतं तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. तिला गाडी मिळाली असती आणि मला मुलगी. ती रोज त्या गाडीतून शाळेत गेली असती, पोरांना हात मागे घेऊन बेरजा करायला लावल्या असत्या, रविवारी फडकं घेऊन तो फेंडर पुसला असता. मी तिच्या घरी जाऊन चहा घेतला असता आणि खिडकीतून खाली बघितलं असतं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मी करूनच घेतलं नसतं. हे सगळं मला दिसलं आणि त्यातलं काहीच अशक्य नव्हतं, याचीच मला भीती वाटली. तोंडाने जमेना तेव्हा हाताने केलं. खिशातून घराची किल्ली काढली, खाली वाकलो आणि फेंडरच्या मधोमध, जिथे तिचा हात होता तिथे, जोर लावून ओढली.

‘अहो काका! काय करताय!’ दलाल धावला. जावयाने माझा दंड धरला. लॅकर आधी पांढरं होऊन उडालं, मग राखाडी निघाला, आणि त्याखालून काळं तकतकीत. मी त्या काळ्यावर बोट ठेवलं. ‘कंपनीतून आलेल्या पत्र्याला खाली करडं अस्तर असतं,’ मी म्हणालो. माझा आवाज एखाद्या कामगाराला शिकवतानाचा असतो तसा निघाला. ‘हा सुटा विकत मिळणारा पत्रा आहे. नंतर बसवलेला. गाडी नवी असतानाच.’

दलाल शपथा घेत होता की त्याला यातलं काही ठाऊक नाही. खरंच नव्हतं त्या बिचाऱ्याला. जावई फोनवर पुन्हा रिपोर्ट उघडत होता. मुलगी मात्र त्या ओरखड्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

‘यंत्राला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं? नेमकं तिथेच कसं ओढलंत?’

‘हा रंग माझा आहे,’ मी म्हणालो. आणि लाज वाटते सांगायला, पण पुढचं वाक्य मी कामाच्या समर्थनार्थ बोललो. ‘शटर पाडून जुळवावा लागला. म्हणून उन्हात फसला.’

‘कधी?’

आठवत नाही म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला सगळं माफ असतं.

‘तू नववीत होतीस. सहामाही व्हायची होती.’

तिने हात पाठीमागे घेतले. मला वाटलं तिला थंडी वाजली. मग लक्षात आलं की ती वजाबाकी करते आहे, आणि तिला वेळ लागला नाही, कधीच लागायचा नाही. जावई म्हणाला, अगं काय झालं, तर तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

‘बुधवार होता,’ ती म्हणाली. ‘संध्याकाळी मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही जेवत होतात.’

‘हो.’

‘तेव्हा गाडी कुठे होती?’

‘आमच्याकडेच.’

‘आणि गुरुवारी?’

शेडच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

‘गुरुवारी वरचा हात दिला,’ मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं मी ज्या चेहऱ्याची काळजी करत होतो तो हाच. माझा तळहात सवयीने उजव्या डोळ्यावर गेला.

‘हात खाली करा, बाबा,’ ती म्हणाली.